चार लाख तारापूर

समुद्रकाठच्या माणसाची मापं त्याच्या अंगापासून सुरू होतात. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावचा होडीचा तांडेल आजही पाण्याची खोली वावेत सांगतो, मासळी पाटीने मोजतो आणि जाळं कुठे टाकलं ते तासांत सांगतो: बंदरापासून अमुक तासांवर. गावाच्या दक्षिणेला खाडी आणि खाडीपलीकडे पापलेटचं सातपाटी. होडीने पाच मिनिटं, रस्त्याने गेलात तर मोठा वळसा. पूर्वेला बोईसर, तिथे कारखान्यांच्या शेड. आणि उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर तारापूरचं अणुवीज केंद्र.

आम्हा बोईसरच्या बाजूच्या लोकांच्या तोंडात त्यामुळे आणखी एक माप बसलेलं आहे, मेगावॅट. तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ सालची, आता प्रत्येकी १६० मेगावॅटची. नंतरची दोन ५४० मेगावॅटची. चारही मिळून स्थापित क्षमता १४०० मेगावॅट. लहानपणापासून ऐकलेली मोठ्यात मोठी ताकद हीच. मग वादळाची ताकद मोजायला दुसरं माप कशाला शोधायचं? या लेखापुरतं आपण एक नवं एकक ठरवू. १४०० मेगावॅट म्हणजे एक तारापूर.

१४ मे २०२१, अक्षय्य तृतीया. टाळेबंदीमुळे बाजार बंद, मासेमारीचा हंगाम संपायला दोन आठवडे उरलेले. त्या सकाळी लक्षद्वीपच्या आसपास हवेचा एक कमी दाबाचा पट्टा बळावला आणि रात्रीपर्यंत त्याचं चक्रीवादळ झालं. नाव आधीच ठरलेलं होतं, म्यानमारने यादीत दिलेलं: तौक्ते. अर्थ, मोठ्याने ओरडणारी पाल. मराठीत शंकेची पाल मनात चुकचुकते. ही समुद्रात चुकचुकली, आणि हवामान खात्याने तीन-चार दिवस आधीच ती ऐकून सांगितली होती. होड्या परत फिरू लागल्या.

१७ तारखेच्या पहाटे तौक्ते ऐन भरात आलं. केंद्रातला दाब ९५० मिलिबार, वारा ताशी १८५ किलोमीटर. दुपारी ते मुंबईच्या पश्चिमेकडून वर सरकलं, दुपारनंतर पालघरसमोरून गेलं आणि रात्री दीव आणि उना यांच्या दरम्यान सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलं. आपल्या किनाऱ्यापासून त्याचा डोळा शंभर-दीडशे किलोमीटर आत होता. म्हणजे मुरब्याने, केळव्याने, डहाणूने जे काही सोसलं, पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, झाडांखाली कच्च्या चिकूंचा सडा पडला, ते सगळं वादळाचं नव्हतंच. नुसता पदर लागला होता.

त्या पदराचं वजन काढता येतं. मे महिन्यात दुपारनंतर सुटणारा खारा वारा ताशी वीस किलोमीटरचा धरा. असा वारा आडव्या आलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण दोन किलोचा रेटा देतो. दहा फूट बाय तीन फुटाच्या पत्र्यावर पाच किलो. त्या दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. वेग सहापटीपेक्षा कमीच वाढला. पण वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून त्याच पत्र्यावर आता पाच किलोच्या जागी एकशे सत्तर किलो. आणि डोळ्याजवळच्या १८५च्या वाऱ्यात हाच पत्रा असता तर साडेचारशे किलो. पत्रा धरून ठेवतात ते जे-हुक. त्यांच्या रबराच्या वॉशरी दोन-तीन उन्हाळ्यांत तडकलेल्या असतात आणि हुकांना खाऱ्या हवेचा गंज चढलेला असतो. वादळाच्या आदल्या दिवशी लोक पत्र्यांवर रेतीच्या गोणी ठेवतात. एका गोणीचं वजन पन्नास किलो धरलं तर एका पत्र्याला साडेतीन गोण्या हव्यात, आणि त्या फक्त पदरासाठी. इतक्या गोण्या ठेवल्या तर पत्रा उडणार नाही, पण खालचा वासा मोडेल.

बोईसरच्या फलाटावर न थांबणारी राजधानी जाते तेव्हा पदर आणि ओढण्या सांभाळाव्या लागतात, पोरांना मागे ओढावं लागतं. तिचा वेग ताशी १३० किलोमीटर धरू, आणि तीही अर्ध्या मिनिटात निघून जाते. समजा ती १८५च्या वेगाने धावतेय, आठ तास धावतेय आणि तिला डबे संपतच नाहीत.

हा वारा येतो कुठून? आपण हवेला वजन नसल्यासारखे वागतो, पण एका चौरस मीटरवर, म्हणजे एक माणूस मांडी घालून बसेल इतक्या जागेवर, आकाशापर्यंतच्या हवेचं वजन दहा टनांच्या आसपास असतं. साधारण दिवशी दाब १०१० मिलिबार. तौक्तेच्या केंद्रात तो ९५०. साठ मिलिबार कमी म्हणजे दर चौरस मीटरवर सहाशे किलो हवा कमी. डोळा दहा किलोमीटर त्रिज्येचा धरला तर तिथून एकोणीस कोटी टन हवा नाहीशी झालेली आहे. दहा टनी ट्रकात भरली तर एक कोटी नव्वद लाख ट्रक. ही रिकामी जागा भरायला चारी बाजूंची हवा धावते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे सरळ आत शिरू शकत नाही, म्हणून गोल फिरत राहते. एवढंच चक्रीवादळ. (एवढंच असं लिहायला सोपं आहे.)

वरचं वजन हटलं की खालचं पाणी फुगतं. एक मिलिबार कमी झाला की समुद्र एक सेंटीमीटर वर येतो. साठ मिलिबारला साठ सेंटीमीटर, म्हणजे दोन फूट. हा फुगवटा किरकोळ. खरा धोका वारा जे पाणी रेटत किनाऱ्याकडे आणतो त्याचा, आणि इथे आपल्या किनाऱ्याची रचना फार वाईट आहे. केरळपुढे समुद्र लवकर खोल होतो. मुंबई आणि गुजरातपुढे मात्र उथळ तळ शेकडो किलोमीटर पसरलेला आहे. खोल समुद्रात वरून रेटलेलं पाणी खालून परत जातं. उथळात त्याला जायला वाट नसते, ते साचत साचत किनाऱ्यावर चढतं. त्यात वरच्या अंगाला खंबातच्या आखाताचं नरसाळं. भरतीचं पाणी जसजसं उत्तरेकडे जातं तसतसं चढत जातं, भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो. आपल्या पट्ट्यातही मोठ्या उधाणाला तो पाच मीटरच्या आसपास असतो.

म्हणून वाऱ्याइतकीच तिथी महत्त्वाची. १७ मे २०२१ला वैशाख शुद्ध पंचमी होती. कोकणात भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे, पाऊणकी. तिथीचा पाऊणपट करायचा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमीचे पाऊण, पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारला पाणी भरणार, आणि नेमकं त्याच सुमारास तौक्ते आपल्या समोरून चाललेलं. गेटवे ऑफ इंडियाच्या फरसबंदीवर त्या दुपारी समुद्र आला तो असा.

पण ती भरती पंचमीची होती. अमावास्या होऊन पाच दिवस झाले होते, अष्टमीचा भांग जवळ आला होता, पाण्याची ताकद उतरत चालली होती. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांच्या उंचीत सहज मीटरभराचा फरक पडतो. हेच वादळ पाच दिवस आधी आलं असतं तर सगळा हिशेब मीटरभर वर गेला असता. किनाऱ्यावरच्या पहिल्या रांगेतल्या घराला मीटर म्हणजे काय ते घरवालीला विचारा: चुलीचा ओटा. ही कल्पना नाही, याची परीक्षा त्याच महिन्यात दुसऱ्या किनाऱ्यावर झाली. तौक्तेनंतर नऊच दिवसांनी, २६ मे रोजी, यास हे वादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलं. ती बुद्धपौर्णिमा होती. यासचा वारा तौक्तेपेक्षा कमी होता, तरी पौर्णिमेच्या उधाणावर स्वार होऊन आलेल्या पाण्याने बंगालचे बांध फोडून गावंच्या गावं खाऱ्या पाण्यात घातली. वादळाच्या बातम्यांत वाऱ्याचा वेग मोठ्या अक्षरात छापतात. माझं मत विचाराल तर त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात तिथी छापावी.

आता मूळ भांडवलाकडे येऊ. वादळाचं इंधन.

मुरब्याच्या वलांड्यांवर, म्हणजे मासळी सुकवायच्या काठ्यांवर, बोंबील वाळत घातलेले कोणीही पाहिले असतील. ओल्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. शंभर किलो ओले बोंबील सुकवले की जेमतेम पंधरा किलो हाती लागतात. बाकी पंच्याऐंशी किलो पाणी हवेत गेलं. ते फुकट जात नाही. एक लीटर पाण्याची वाफ करायला साधारण २४५० किलोज्यूल उष्णता लागते. हे काम उन्हाऐवजी गॅसवर करायचं म्हटलं आणि एक कणही उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी शंभर किलो बोंबलांना घरगुती सिलिंडरचा तिसरा हिस्सा लागेल. वलांडीवरची बाई दिवसभरात सूर्याकडून किती सिलिंडर घेते याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

समुद्र ही अशीच एक वलांडी, फक्त क्षितिजापर्यंत. मे महिन्यात अरबी समुद्राचं पाणी तीस अंशांच्या वर तापतं; वादळाला साडेसव्वीस अंश पुरतात. पाण्याची वाफ होते तेव्हा उष्णता तिच्यात दडून वर जाते, आणि वर थंड होऊन वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती सगळीच्या सगळी हवेत सुटते. जेवढं भांडवल गुंतलं तेवढं परत. आकाशातून पडणारा प्रत्येक थेंब ही त्या परतफेडीची पावती असते.

पावती वाचू. १८ मेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रुझला २३०.३ मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यातला विक्रम. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लीटर. म्हणजे एका बैठकीएवढ्या जागेवर २३० लीटर. एवढं पाणी ढगात बनताना सुटलेली उष्णता घरगुती सिलिंडरच्या सुमारे ८६ टक्के भरते. पुन्हा वाचा: त्या दिवशी सांताक्रुझच्या दर एक चौरस मीटरच्या वर आकाशात जवळजवळ एक एक सिलिंडर जळाला. एका हेक्टरवर साडेआठ हजारांच्या वर. आणि डोळा तिथून शंभर किलोमीटरपेक्षा लांब होता.

संपूर्ण वादळाचा हिशेब अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने मांडून ठेवला आहे. सरासरी मोठं चक्रीवादळ घ्या. ६६५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात दिवसाला सरासरी दीड सेंटीमीटर पाऊस. दीड सेंटीमीटर म्हणजे बोटाचं एक पेर, आपल्याकडे आषाढात याला पाऊस म्हणत नाहीत. पण ते वर्तुळ साडेचार महाराष्ट्रांएवढं आहे. दिवसाला पडलेलं पाणी सुमारे २१०० कोटी टन. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं. हे वादळ रोज सात कोयना भरून ओततं. आणि ते पाणी बनताना सुटलेली उष्णता? सहा लाख गिगावॅट.

हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही. आपलं माप काढू. सहा लाख गिगावॅटला १.४ गिगावॅटने भागा.

चार लाख अठ्ठावीस हजार तारापूर.

मुरब्याच्या किनाऱ्यावरून सुरुवात करून दर किलोमीटरला एक तारापूर बांधत सरळ वर गेलो, तर चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर लागतो. तो मागे पडेल आणि आपल्याकडे अजून चव्वेचाळीस हजार तारापूर शिल्लक असतील.

भारताची एकूण स्थापित वीजक्षमता २०२५ मध्ये ५०० गिगावॅटच्या पुढे गेली. कोळसा, पाणी, ऊन, वारा, अणू, सगळं धरून. वादळाची उष्णता तिच्या बाराशेपट आहे. हिरोशिमावर पडलेला बॉम्ब सुमारे पंधरा किलोटनांचा. वादळ ज्या दराने उष्णता सोडतं, त्यात असे नऊ-दहा बॉम्ब दर सेकंदाला बसतात. वादळावर अणुबॉम्ब टाकून ते मोडता येईल का, असा प्रश्न अमेरिकेत इतक्यांदा विचारला जातो की 'नोआ'ला त्याचं उत्तर कायमचं लिहून ठेवावं लागलं. उत्तर सोपं आहे. जो सेकंदाला दहा खर्च करतो त्याच्या अंगावर एक फेकून तुम्ही काय करणार? वर किरणोत्सार वाऱ्यावर पसरेल तो वेगळाच.

मात्र या उष्णतेतला फार थोडा भाग वाऱ्यात उतरतो. 'नोआ'च्याच हिशेबाने वाऱ्याचा वाटा दीड हजार गिगावॅट, म्हणजे एकूण उष्णतेचा चारशेवा हिस्सा. रुपयातला पाव पैसा. बाकी नव्याण्णव पैसे आणि पाऊण पैसा ढग उचलण्यात, हवा वर नेण्यात आणि शेवटी आकाशात उष्णता फेकून देण्यात जातो. इतका अकार्यक्षम कारखाना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत असता तर बँकेने महिन्याभरात टाळं ठोकलं असतं. पण तो पाव पैसासुद्धा एक हजाराहून अधिक तारापूर होतो. अख्ख्या भारताची वीजक्षमता तीनदा. आपले पत्रे, आपले खांब, आपली चिकूची झाडं, आपल्या होड्या, हे सगळं त्या पाव पैशाने केलेलं नुकसान.

होड्यांचं गणित वेगळं करावं लागतं, कारण होडी वाऱ्यापेक्षा लाटेने बुडते. रोजची मीटरभर उंचीची लाट तिच्या रुंदीच्या दर मीटरला अडीच किलोवॅट, म्हणजे साडेतीन अश्वशक्ती घेऊन येते. तेवढी खेळवता येते. लाट सहा मीटरची झाली आणि दहा-दहा सेकंदांनी येऊ लागली की दर मीटरला १८० किलोवॅट. उंची सहापट, जोर बहात्तरपट. पन्नास फुटी बोट आडवी सापडली तर तिच्या एका कुशीवर साडेतीन हजारांहून जास्त अश्वशक्ती येते. बोटीतलं इंजिन शंभराच्या आसपास. म्हणून तांडेल नाळ लाटेत घालतो, बोट आडवी होऊ देत नाही. तो लाटेशी लढत नसतो, तिला कमीत कमी अंग दाखवत असतो.

ज्यांना वळता येत नव्हतं त्यांचं काय झालं ते त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिलं. मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात कामगारांची राहण्याची बार्ज होती, पी-३०५. तिच्यावर २६१ माणसं. तिला स्वतःचं इंजिन नव्हतं, नांगरांवर ती उभी होती. लाटांनी नांगर तुटत गेले, बार्ज वाहत सुटली आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाली. वरप्रदा नावाची टग तेरा जणांसह बुडाली. आयएनएस कोची आणि इतर नौदल जहाजांनी रात्रभर, त्याच लाटांत, जीवरक्षक जाकिटांवरचे लुकलुकणारे दिवे शोधत माणसं वर ओढली. दोन्ही मिळून २७४ पैकी १८८ वाचले. ८६ गेले.

आणखी एक बार्ज आपल्याकडे आली. गॅल कन्स्ट्रक्टर, तिच्यावर १३७ माणसं. तीही वाहत वाहत पालघरच्या किनाऱ्याला, वडराईजवळ खडकांत येऊन रुतली. तटरक्षक दल आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी एकेक करून १३७च्या १३७ माणसं उचलली. मुरब्याहून दक्षिणेला सातपाटी, मग शिरगाव, मग माहीम-वडराई. किनाऱ्याकिनाऱ्याने पाहिलं तर गावातलंच अंतर. समुद्राने एकीकडे ८६ ठेवून घेतले आणि दुसरीकडे १३७ दारात आणून सोडले. यात काही न्याय-अन्याय शोधू नये. वारा कुठे वाहत होता आणि खडक कुठे होता, एवढाच प्रश्न.

मोठ्या आकड्यांची एक वाईट खोडही सांगायला हवी. ते वादळासारखेच उघड्यावर वाढतात. जून १८८२ मध्ये मुंबईत आलेल्या चक्रीवादळाने एक लाख माणसं मारली, असं अनेक याद्यांत, पुस्तकांत, अगदी गंभीर लेखांतही छापलेलं सापडतं. १८८१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. दर आठ माणसांत एक मेला आणि त्या वेळच्या मुंबईच्या दप्तरांत त्याची ओळही नाही? कसून शोधलं तेव्हा असं वादळच झालं नव्हतं असं दिसलं. कोणीतरी कधीतरी लिहिलं, पुढच्याने उतरवलं, आणि एक लाख माणसं कागदावर बुडाली. खरं वादळ हवं असेल तर ते मे १६१८चं, पोर्तुगीज अमलातलं. वसई आणि मुंबईला त्याने झोडपून काढलं. वसई म्हणजे आपलाच जिल्हा.

भयंकर खरे आकडे शोधायला खोटं रचण्याची गरज नाही. नोव्हेंबर १९७०च्या भोला वादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं गेली. काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. १९९९च्या ओडिशाच्या महावादळात दहा हजारांच्या आसपास. आणि त्याच ओडिशात २०१९ मध्ये फनी आलं तेव्हा बारा लाख माणसं आधीच हलवली होती. मृत्यू साठ-पासष्टच्या घरात राहिले. फनीही काही लहान वादळ नव्हतं. फक्त माणसं त्याच्या वाटेतून बाजूला झाली होती.

आपल्या किनाऱ्याला याची सवय कमी. वादळं बंगालच्या उपसागरात होतात, अरबी समुद्र त्या मानाने सज्जन, असं माझ्या पिढीने शाळेत वाचलं. मग २००९ला फयान आलं, २०१७ला ओखी, ३ जून २०२०ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला थेट किनाऱ्यावर चढलं, आणि वर्षभरात तौक्ते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ची मोजदाद केली. पहिल्या एकोणीस वर्षांच्या तुलनेत नंतरच्या एकोणीस वर्षांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, आणि ती टिकण्याचा एकूण काळ ८० टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात या काळात वादळं किंचित कमीच झाली. आपली वलांडी जास्त तापते आहे. याच किनाऱ्यावर वाढवणला ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी झाली आहे, मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे आणि त्याला विरोधही आहे. त्या वादाचे इतर मुद्दे इथे नकोत. पण बंधाऱ्याची उंची ठरवताना पंचमीची भरती धरली की पौर्णिमेची, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा.

समुद्राचा मान राखणं म्हणजे काय, असं कोणी विचारलं की लोक नारळी पौर्णिमा दाखवतात. नारळ सोन्याचा असतो आणि फोटो चांगला येतो. मला त्याहून मोठा मान दिसतो तो १ जूनला. पापलेटचा भाव चढलेला असतो, डिझेलचं कर्ज फिटायचं असतं, आभाळ अजून कोरडं असतं, तरी होड्या ओढून घेतलेल्या असतात. २०२१ साली पावसाळी मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत, एकसष्ट दिवस. मे महिन्यात इशारा येताच हंगामाचे शेवटचे सोन्यासारखे दिवस टाकून हजारो होड्या परत फिरल्या त्याही याच सवयीने. तांडेल सहा लाख गिगावॅट जाणत नाही. पण दर्याला पाठ कधी दाखवायची हे तो जाणतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

बंदी उठली. त्याच वर्षी, तौक्तेनंतर साडेतीन महिन्यांनी, २८ ऑगस्टला मुरब्याची एक बोट हंगामाच्या सुरुवातीच्या फेरीला गेली आणि जाळ्यात घोळ मासे लागले, एक-दोन नव्हे, एकशे सत्तावन्न. घोळीच्या पोटातली पिशवी, बोत, औषधांसाठी आणि शस्त्रक्रियेच्या धाग्यांसाठी परदेशात जाते, म्हणून तिला सोन्याचा भाव. लिलाव एक कोटी तेहतीस लाखांवर थांबला. एका माशाचे जवळजवळ पंच्याऐंशी हजार. देशभरच्या वर्तमानपत्रांनी मुरब्याचं नाव छापलं.

त्या ऑगस्टमध्ये घरगुती सिलिंडर साडेआठशेच्या थोडा वर होता. एक कोटी तेहतीस लाखांत सुमारे साडेपंधरा हजार सिलिंडर आले असते. तेवढी उष्णता १७ मेच्या पावसाने सांताक्रुझच्या साडेचार एकरांवर सोडली होती.